एक मूल, दोन जखमा: दुर्मीळ आजारात पुरावा कसा उभा राहतो?



संशोधनाच्या वाटेला लागलं की एक प्रश्न कायम कानावर येतो: "सॅम्पल साइज किती?" आकडा लहान निघाला की परीक्षकांच्या भुवया उंचावतात आणि आपणही तो पेपर बाजूला सारतो. पण समजा, तुम्ही ज्या आजारावर काम करणार आहात त्याचे रुग्णच मोजके आहेत आणि त्यातली बरीचशी लहान मुलं आहेत. मग काय करायचं? पुरेशी मुलं जमेपर्यंत थांबायचं, की हाताशी आहे तेवढ्या माहितीवर औषध द्यायचं?

आज हा प्रश्न आपण एका खऱ्या आजाराच्या आधाराने सोडवून बघू. आजाराचं नाव एपिडर्मोलायसिस बुलोसा. नाव लांबलचक आहे, म्हणून यापुढे फक्त ईबी म्हणू. या मुलांची त्वचा साध्या घासण्यानेही सुटते, फोड येतात, जखमा होतात. गेल्या काही वर्षांत या आजारावर जे संशोधन झालं, त्यात पुरावा गोळा करण्याच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा दिसतात. त्या तिन्ही समजून घेतल्या तर "सॅम्पल साइज किती?" याच्या आधी विचारायचा एक प्रश्न तुमच्या हाती लागेल. तो प्रश्न म्हणजे: मोजलं काय?

(हा लेख संशोधन समजून घेण्यासाठी आहे. उपचारांचा सल्ला त्वचारोगतज्ज्ञांकडूनच घ्यायचा.)

आजार नेमका काय आहे?

दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात घासून बघा. हात गरम होतात, पण कातडी जागची हलत नाही. ही गोष्ट आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्वचेचा वरचा पातळ थर, म्हणजे बाह्यत्वचा, आणि खालचा जाड थर, म्हणजे अंतस्त्वचा, हे एकमेकांना घट्ट बांधून ठेवायला शरीराने बरीच यंत्रणा उभी केलेली असते.

आजीची गोधडी आठवा. वरचं कापड, खालचे जुन्या लुगड्यांचे थर आणि ते सगळं धरून ठेवणारा धावदोरा. टाके मजबूत असतील तर गोधडी कितीही ओढा, पिळा, आपटा, थर सुटत नाहीत. टाके तुटले की मात्र वरचं कापड सरकतं आणि मध्ये पोकळी होते. त्वचेत अशी पोकळी झाली की तिथे द्रव भरतो. तोच फोड.

टाका कुठे तुटतो यावरून ईबीचे चार मुख्य प्रकार पडतात.

१. सिम्प्लेक्स: बाह्यत्वचेच्या सगळ्यात खालच्या पेशीच नाजूक असतात आणि फाटतात. इथे बहुतेक वेळा केराटिन ५ किंवा केराटिन १४ या प्रथिनांच्या जनुकांत दोष असतो.

२. जंक्शनल: दोन थरांमध्ये एक अगदी पातळ पडदा असतो, त्याला आधारपटल म्हणतात. या प्रकारात थर त्या पडद्याच्या पातळीवरच सुटतात. लॅमिनिन-३३२ हे इथलं महत्त्वाचं प्रथिन.

३. डिस्ट्रॉफिक: पडद्याला खालच्या थरात रोवून धरणारे नांगरासारखे तंतू असतात. ते कोलॅजेन-७ चे बनतात. हे प्रथिन नसेल किंवा सदोष असेल तर पडद्याच्या खाली फट पडते.

४. किंडलर: हा फारच विरळा. यात थर एकाहून जास्त पातळ्यांवर सुटू शकतात.

गोधडीची उपमा इथपर्यंतच. गोधडीचा टाका तुटला तर तो आपोआप जुळत नाही. त्वचा मात्र स्वतःला सांधायचा सतत प्रयत्न करते. जखम भरते, पुन्हा उघडते, पुन्हा भरते. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं गणित तिच्यावरच फिरणार आहे.

रोजचं जगणं

या मुलांना जगभर "फुलपाखरू मुलं" म्हणतात, कारण त्यांची त्वचा फुलपाखराच्या पंखासारखी नाजूक असते. नाव गोड आहे. त्यामागचा दिवस तसा नसतो.

फोड आला तर तो निर्जंतुक सुईने टोचून पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर आतल्या दाबाने तो आजूबाजूला पसरत जातो. वरची कातडी मात्र काढायची नाही, कारण तीच खालच्या जखमेचं पांघरूण असते. साधी चिकटपट्टी लावायची सोय नाही, काढताना त्वचाच सोबत येते. त्यासाठी न चिकटणाऱ्या, सिलिकॉनचा थर असलेल्या पट्ट्या लागतात. आंघोळ, जुन्या पट्ट्या भिजवून सोडवणं, नव्या बांधणं यात गंभीर आजार असलेल्या मुलाचे आणि त्याच्या आईवडिलांचे तासन् तास जातात. आणि ते दुखतं. औषध घेऊनही दुखतं.

डिस्ट्रॉफिक प्रकारातल्या गंभीर रूपात जखमा व्रण ठेवून भरतात. वारंवार असं झालं की बोटं एकमेकांना चिकटत जातात आणि हाताची मूठ होऊन बसते. अन्ननलिकेतही व्रण होतात, ती अरुंद होते, घास उतरत नाही. जखमांतून रक्त आणि प्रथिनं जात राहतात, त्यामुळे ॲनिमिया आणि कुपोषण. मोठेपणी त्वचेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदणीच्या अभ्यासात या गंभीर रूपात वयाच्या ५५ व्या वर्षापर्यंत तो होण्याचा संचित धोका सुमारे ९० टक्के आढळला.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ईबी संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्याने, हात धरल्याने, एका डब्यातून खाल्ल्याने तो होत नाही. वर्गात वेगळं बसवलेल्या मुलाला जखमांच्या वर आणखी एक जखम मिळते, आणि ती टाळायला कुठलंही औषध लागत नाही.

आधी मोजणी: किती मुलं?

अमेरिकेत १९८६ ते २००२ या काळात ईबीची राष्ट्रीय नोंदणी चालली. तिच्या आकड्यांनुसार सगळे प्रकार धरून दर दहा लाख जिवंत जन्मांमागे सुमारे २० बाळांना ईबी असतो. पण कोणत्याही एका वेळी लोकसंख्येत पाहिलं तर दर दहा लाखांमागे सुमारे ११ रुग्ण सापडतात.

इथे क्षणभर थांबा आणि स्वतः विचार करा. ईबी जन्मजात आहे आणि आयुष्यभराचा आहे. मग २० चे ११ कसे झाले?

यामागे दोन मोठी कारणं आहेत. पहिलं, गंभीर प्रकारातली काही बाळं पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावतात. दुसरं, सौम्य प्रकारातली माणसं मोठी झाल्यावर डॉक्टरांकडे जाणंच सोडून देतात. पायाला फोड येतात, घरात सगळ्यांनाच येतात, त्यात काय सांगायचं! म्हणजे यादीच्या दोन्ही टोकांची माणसं गळतात. एक टोक मृत्यूमुळे, दुसरं सवयीमुळे. तुमच्या विषयात कुठलीही नोंदणी, जनगणना किंवा रुग्णालयाचं रजिस्टर वापरणार असाल तर हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा: या यादीतून कोण गळलं आणि का?

गंभीर डिस्ट्रॉफिक प्रकार बहुधा अप्रभावी आनुवंशिकतेने येतो. त्याच नोंदणीनुसार अशी बाळं दर दहा लाख जन्मांमागे सुमारे ३. अप्रभावी म्हणजे आई आणि वडील दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते, दोघंही ठणठणीत असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. प्रत्येक वेळी नव्याने २५ टक्के. "एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील" असा हिशोब इथे चालत नाही.

महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, म्हणून एक गणित सांगते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यात, एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता १६ मध्ये १ असते. त्यामुळे अप्रभावी आजारांची शक्यता वाढते, इतकंच. अशा लग्नातून होणारी बहुतेक मुलं निरोगी असतात आणि ईबी दूरदूरचं नातं नसलेल्या जोडप्यांच्या मुलांनाही होतो. आपल्याकडे बाळात जन्मतः काही वेगळं दिसलं की ग्रहण पाळलं नाही इथपासून आईलाच जबाबदार धरलं जातं. जनुकशास्त्र निदान एवढं तरी सांगतं की अप्रभावी आजारात आई आणि वडील यांचा वाटा अगदी सारखा असतो आणि दोष दोघांचाही नसतो.

आता संशोधनाकडे.

पहिली तऱ्हा: एकच मूल

२०१५ च्या जून महिन्यात जर्मनीतल्या बोखुम शहरातल्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याला जंक्शनल ईबी होता. लॅमिनिन-३३२ चा एक भाग बनवणाऱ्या जनुकात, लॅम-बी-३ मध्ये, दोष होता. जंतुसंसर्गामुळे अंगावरची बहुतांश बाह्यत्वचा गेली होती. वडिलांच्या त्वचेचं रोपण करून पाहिलं, ते टिकलं नाही. नेहमीचे उपाय संपले होते.

इटलीत मोदेना इथे मिकेले दे लुका यांचा गट त्वचेच्या मूलपेशींवर अनेक वर्षं काम करत होता. त्याआधी त्यांनी एका प्रौढ रुग्णाच्या पायांवरच्या काही भागात जनुक दुरुस्त केलेली त्वचा बसवली होती. आता बोखुमच्या डॉक्टरांनी त्यांची मदत घेतली. मुलाच्या अंगावर जिथे फोड नव्हते अशा जागेवरून, जांघेतून, सुमारे ४ चौरस सेंटिमीटर त्वचा घेतली. तिच्या पेशींत रेट्रोव्हायरसच्या मदतीने जनुकाची निर्दोष प्रत घातली. त्या पेशी वाढवून त्वचेचे पातळ पत्रे तयार केले आणि ऑक्टोबर २०१५ ते जानेवारी २०१६ या काळात ते टप्प्याटप्प्याने बसवले. शरीराचा सुमारे ८० टक्के भाग या नव्या त्वचेने झाकला गेला. मुलगा घरी गेला. हा पेपर नोव्हेंबर २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आला आणि पाच वर्षांनंतरचा पाठपुरावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नवी त्वचा टिकली होती.

सॅम्पल साइज? एक. तुलनेसाठी दुसरा गट? नाही. तरी जगाने हा पुरावा मानला. असं का झालं, याची तीन कारणं आहेत.

पहिलं, उपचार केला नसता तर काय झालं असतं याबद्दल शंकेला जागा नव्हती. दुसरं, फरक प्रचंड होता. मरणाच्या दारातून शाळेत जाण्यापर्यंतचा. असा बदल योगायोगाने होत नाही. तिसरं आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, संशोधक "मुलगा बरा झाला" यावर थांबले नाहीत. नव्या त्वचेचे नमुने घेऊन लॅमिनिन-३३२ खरंच जागेवर आहे का, हे त्यांनी तपासलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. रेट्रोव्हायरस प्रत्येक पेशीच्या डीएनएमध्ये वेगळ्या ठिकाणी शिरतो. म्हणजे प्रत्येक पेशीला आपोआप एक बारकोड मिळतो आणि तिची पिल्लावळ तोच बारकोड घेऊन जन्मते. सुरुवातीला असंख्य वेगवेगळे बारकोड होते. काही महिन्यांनी पाहिलं तर त्वचा त्यातल्या थोड्याच, दीर्घायुषी मूलपेशींपासून बनत होती. बाकीच्या पेशी आपलं काम करून गळून गेल्या होत्या. माणसाची बाह्यत्वचा कोण सांभाळतं, या मूलभूत जीवशास्त्राच्या प्रश्नाला एका मुलाच्या उपचारातून उत्तर मिळालं.

या पुराव्याची मर्यादाही ओळखा. हा उपचार दहा मुलांवर केला तर किती जणांत टिकेल, हे एकावरून सांगता येत नाही. एकाचं यश म्हणजे "हे शक्य आहे" याचा पुरावा. "हे सहसा होतं" याचा नाही.

दुसरी तऱ्हा: एक मूल, दोन जखमा

आता डिस्ट्रॉफिक प्रकार घेऊ. इथे कोलॅजेन-७ हवं. त्याची साखळी २,९४४ अमिनो आम्लांची. एका अमिनो आम्लासाठी डीएनएची तीन अक्षरं लागतात, म्हणजे जवळजवळ ८,८०० अक्षरांचा मजकूर झाला. जनुक पोचवायला नेहमी वापरला जाणारा एएव्ही नावाचा विषाणू साधारण ४,७०० अक्षरांएवढंच ओझं वाहू शकतो. स्कूटरवर कपाट नेण्यातला प्रकार. म्हणून संशोधकांनी टेम्पो शोधला: ओठावर जर उठवणारा हर्पिस विषाणू. त्याची स्वतःची वाढ होण्याची क्षमता काढून टाकली, त्यात कोलॅजेन-७ चं जनुक भरलं आणि तो जेलमध्ये मिसळला. हा जेल जखमेवर लावायचा. औषधाचं नाव बेरेमाजीन जेपरपावेक, पेपरांत बी-व्हेक. हा विषाणू पेशीच्या डीएनएमध्ये स्वतःला कायमचा जोडून घेत नाही. पेशी गळल्या की जनुकही जातं. म्हणून जेल दर आठवड्याला लावावा लागतो.

आता तुम्ही संशोधक आहात असं समजा. ३१ रुग्ण मिळाले आहेत, वय १ वर्षापासून ४४ वर्षांपर्यंत. नेहमीच्या पद्धतीने अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना औषध नसलेला जेल म्हणजे प्लासिबो दिला तर काय होईल? एका गटात तान्ही बाळं जास्त आली, दुसऱ्यात कुपोषित तरुण जास्त आले, तर फरक औषधाचा की माणसांचा? इतक्या कमी संख्येत नाणेफेक सगळं समान वाटून देईल याचा भरवसा नाही.

संशोधकांनी वेगळी वाट घेतली. प्रत्येक रुग्णाच्या अंगावरच्या दोन जखमा निवडल्या. आकार, जागा आणि रूप यांत शक्य तितक्या सारख्या. नाणेफेकीसारख्या पद्धतीने ठरवलं की कुठल्या जखमेवर औषध आणि कुठल्या जखमेवर प्लासिबो. कुठे काय लागतंय हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. दर आठवड्याला, २६ आठवडे.

शेतकऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. नवं बियाणं पारखायचं तर एक वाफा कोकणात आणि एक मराठवाड्यात पेरत नाहीत. एकाच रानात शेजारी-शेजारी दोन वाफे करतात. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. यादृच्छिक चाचण्यांची शिस्त रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रातच घडवली, हे उगाच नाही. इथे मुलाचं शरीर म्हणजे ते रान. दोन्ही जखमांना रक्त तेच, आहार तोच, काळजी घेणारे हात तेच.

निकाल असा लागला: सहा महिन्यांनी औषध लावलेल्या ६७ टक्के जखमा पूर्ण मिटलेल्या होत्या, प्लासिबो लावलेल्या २२ टक्के. हा पेपर डिसेंबर २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता दिली.

फरकाचा विश्वासांतर किती होता, तेही बघा: २४ ते ६८ टक्के बिंदू. म्हणजे औषधाचा परिणाम आहे हे स्पष्ट, पण तो नेमका किती मोठा, याबद्दलची अनिश्चितताही मोठी. छोट्या सॅम्पलची किंमत इथे दिसते. तुम्ही निष्कर्ष लिहिताना फक्त मधला आकडा लिहू नका, ही दोन टोकंही लिहा.

तिसरी तऱ्हा: पुष्कळ मुलं, एकेक जखम

आणखी एक औषध आहे. बर्च झाडाच्या सालीतले ट्रायटर्पिन नावाचे घटक सूर्यफुलाच्या तेलात मिसळून केलेला जेल. तो जनुकाला हात लावत नाही, जखम भरण्याची क्रिया जलद करतो. त्याची चाचणी अनेक देशांत मिळून २२३ रुग्णांवर झाली. ईबीसाठी ही संख्या फार मोठी आहे. इथे रुग्णांचे दोन गट केले, प्रत्येकाची एक जखम मोजायची म्हणून ठरवली आणि ४५ दिवसांच्या आत ती पहिल्यांदा पूर्ण मिटली का, हे पाहिलं. औषधाच्या गटात ४१.३ टक्के, तुलनेच्या गटात २८.९ टक्के. युरोपीय संघात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

आता दोन्ही चाचण्यांतले औषध न मिळालेले आकडे शेजारी ठेवा. पहिल्या चाचणीत सहा महिन्यांनी २२ टक्के. दुसऱ्या चाचणीत ४५ दिवसांत २८.९ टक्के. जास्त वेळ मिळूनही कमी जखमा मिटल्या?

याचं एक उत्तर मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या गोष्टीत आहे. ईबीची जखम मिटते आणि पुन्हा उघडते. दुसऱ्या चाचणीत विचारलं होतं, "४५ दिवसांत एकदा तरी मिटली का?" बी-व्हेकच्या चाचणीत विचारलं होतं, "सहा महिन्यांच्या टप्प्यावर, दोन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या लागोपाठ दोन तपासण्यांत मिटलेली दिसली का?" तिसाव्या दिवशी मिटून साठाव्या दिवशी उघडलेली जखम पहिल्या प्रश्नाला "हो" म्हणेल, दुसऱ्याला "नाही". जखम तीच, मुलगी तीच, उत्तरं वेगळी. त्यात रुग्ण वेगळे, निवडलेल्या जखमा वेगळ्या. म्हणून एका औषधाचे ६७ आणि दुसऱ्याचे ४१ घेऊन "हे त्याहून भारी" असं म्हणणं चूक आहे. बातम्यांत असं सर्रास होतं. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूच्या तक्त्यात तरी होऊ देऊ नका.

मूल कुठे गेलं?

आता मुद्द्याची गोष्ट. दोन जखमांची युक्ती फार सुरेख आहे, पण तिची एक किंमत आहे. मूल दोन्ही गटांत आहे! उजव्या गुडघ्याला औषध, डाव्याला प्लासिबो. मग सहा महिन्यांनी मुलीचं वजन वाढलं का, हिमोग्लोबिन सुधारलं का, ती रात्री झोपते का, शाळेत किती दिवस जाते, हे मोजून काय कळणार? तुलना कुणाशी करणार? तुलनेचा गटही तीच आहे. म्हणजे ज्या युक्तीमुळे ३१ रुग्णांत उत्तर मिळालं, त्याच युक्तीमुळे काही प्रश्न विचारताच येत नाहीत. ही चूक नव्हे, हा सौदा आहे. संशोधनात असे सौदे करावेच लागतात. फक्त आपण काय देऊन काय घेतलं, हे माहीत असलं पाहिजे.

जखमेपुरतं दुखणं मात्र या चाचणीत मोजता आलं. पट्टी बदलताना कुठली जखम किती दुखते, हे वेगवेगळं विचारता येतं. तिथे औषधाच्या बाजूने निघालेला समायोजित फरक २२ व्या आठवड्यात सुमारे ०.६ गुणांचा होता, ० ते १० च्या मापावर. जखमा मिटण्यातला फरक डोळ्यांत भरणारा, दुखण्यातला बेताचा. दोन्ही आकडे एकाच पेपरातले. मथळ्यात कुठला येतो, हे तुम्ही ओळखलं असेलच.

लहान मुलांचं दुखणं मोजणं ही तर स्वतंत्र विद्या आहे. जे बाळ बोलतच नाही त्याच्यासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं अशा पाच गोष्टींना ० ते २ गुण देऊन बेरीज करायची पद्धत आहे. थोड्या मोठ्या मुलाला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवतात. पण जन्मापासून ज्याला दुखतंच आहे, त्याचं "शून्य" कुठलं? या प्रश्नावर कुणाला पीएचडी करायची असेल तर विषय मोकळा आहे.

आजाराची तीव्रता मोजणारी काही नवी साधनं म्हणूनच डॉक्टरांचे गुण आणि रुग्णाचे गुण वेगळे ठेवतात. आयस्कोर-ईबी हे त्यातलं एक. डॉक्टर त्वचा बघतो. मूल आणि घरचे खाज, दुखणं, झोप यांबद्दल सांगतात. या दोन बाजू जुळल्या नाहीत तर ती नासलेली माहिती नसते, तिथेच शिकण्यासारखं काहीतरी असतं.

तुमच्या वहीसाठी

तुमचा विषय त्वचेचा नसेल. कुणी जमिनीच्या क्षारांवर काम करत असेल, कुणी बोलीभाषांवर, कुणी गिरणी कामगारांच्या वस्त्यांवर. तरी पुढचा पेपर हातात घेतला की हे पाच प्रश्न समासात लिहा.

१. मोजण्याचं एकक काय? माणूस, जखम, घर, गाव? एकक बदललं की प्रश्नही बदलतो.

२. "यश" कशाला म्हटलंय? एकदा झालं की पुरे, की टिकायला हवं? किती काळ?

३. काहीच केलं नसतं तर काय झालं असतं, हे कसं कळलं? बोखुमच्या मुलाबाबतीत ते आधीच माहीत होतं, जेलच्या चाचण्यांत ते मोजावं लागलं.

४. या रचनेमुळे कुठला प्रश्न विचारताच येत नाही?

५. ज्याच्यावर अभ्यास केला, त्याने स्वतः काय मोजायला सांगितलं असतं?

पाचवा प्रश्न पद्धतीशास्त्राच्या पुस्तकांत शेवटच्या प्रकरणात येतो आणि परीक्षेत बहुधा येतच नाही. पण ईबीच्या मुलाला विचारलं तर तो "उजव्या गुडघ्यावरच्या जखमेचं क्षेत्रफळ" असं म्हणणार नाही. तो म्हणेल, पट्टी बदलताना कमी दुखायला हवं. किंवा, मधल्या सुट्टीत बाहेर जाता यायला हवं. त्याचं हे म्हणणं आकड्यात उतरवता येईल असा प्रश्न घडवणं, हेच तर संशोधकाचं काम आहे. जखम मिटली की नाही हे मोजायला सोपं आहे, म्हणून ते आधी मोजलं गेलं. अवघड ते मोजायचं अजून बाकी आहे.

जाता जाता एक गृहपाठ. समजा, तुमच्याकडे ईबीची फक्त २० मुलं आहेत आणि औषध जखमेवर लावायचं नसून तोंडाने घ्यायचं आहे. दोन जखमांची युक्ती आता चालेल का? औषध रक्तातून सगळीकडे जाणार, म्हणजे दोन्ही जखमांना पोचणार. मग प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याशीच करायची दुसरी कुठली वाट आहे? कागद घ्या, आडवी रेघ मारून तिच्यावर महिने मांडा आणि विचार करा. इशारा म्हणून एवढंच सांगते: शरीरावरच्या दोन जागांऐवजी काळाचे दोन तुकडे घेऊन बघा. आणि मग स्वतःलाच विचारा, पहिल्या तुकड्यातल्या औषधाचा असर दुसऱ्यात उरला तर काय होईल?